सिमेंटचं अंगडं

मी गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या एका घराची जुनी मातीची भिंत आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माझी माती वारुळाची. भाताचं तूस नि पेंढा घालून ती पायांनी मळली, एक थर वाळल्यावर दुसरा चढवला. तेव्हासुद्धा मला वाटायचं, ही माणसं घाई तर करत नाहीत ना?

घाई त्यांनी केली नाही. दर वर्षी पावसाच्या तोंडावर घरची माणसं नारळाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणून त्यांची झापं माझ्या अंगावर बांधायचे. त्यांच्या आड मी कितीतरी पावसाळे कोरडी राहिले. उन्हाळ्यात वाटेवरची माणसं टेकायला यायची आणि म्हणायची, या घरात काय गारवा आहे! असं कौतुक ऐकलं की मी सावध होई. कौतुक करणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

मग गोवा राज्य झालं. शेजारचं एकेक घर सिमेंटचं होऊ लागलं. आमचा घरधनी गोकुळदास खाणीवर कारकून. तो मला पाहून तोंड वाकडं करू लागला.

"आमचें राज्य जालें, आनी आमी अजून मातयेंत! पाडून स्लॅब घालूया," तो बायकोला, सुमंगलेला म्हणाला.

"पाडूं नकात. फुडल्यो दोन खोल्यो पावण्यांक दिवया. पणजेचे लोक असलें घर पळोवंक येतले."

"मातयेच्या घरांत कोण रावतलो?"

"एक पावस रावून पळयात. भिंत पडली जाल्यार तुमचें खरें."

म्हणजे माझा जीव एका पावसावर टांगला! पाहुण्यांना बघायला नि राहायला म्हणून घर राखायचं, हे मला सोंगच वाटलं. सुमंगला रोज तळहाताने मला चाचपायची. मला वाटे, कुठून पाडायची ते बघतेय.

मे महिन्यात ती लग्नासाठी माहेरी, मुळगावला गेली. तेवढ्यात गोकुळदासने गवंडी आणून मला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुणे येणार, तर दर्शनी भिंत नीटनेटकी दिसावी, एवढंच. "आतां झापां कित्याक?" म्हणत त्याने ती गोठ्यात टाकली. आणि कोणावर विश्वास न ठेवणारी मी त्या गुळगुळीत अंगड्यावर चक्क भाळले. सुमंगला परतली तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

आषाढात वरच्या फटीतून पाणी आत शिरलं. एरवी ऊन पडलं की मी वाळायचे. आता ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. माझं पोट फुगलं. आत पाहुण्यांसाठी खाटा मांडलेल्या, आणि मी त्यांच्यावर कोसळायच्या बेतात. मी फार घाबरले.

एका उघडिपीला सुमंगला पिकास, म्हणजे टिकाव, घेऊन आली. तिने मला ठोकून पाहिलं, कान लावला. झालं, मी मनात म्हटलं, शेवटी हीच उलटली!

पहिला घाव सिमेंटवर बसला.

"कितें करता गो? भिंत पडटली!" गोकुळदास धावत आला.

"हें काडलें ना जाल्यार पडटली. भितर उदक सांठलां. तुमी वासो लावात!"

त्याने वासा लावला, वर स्वतःचा खांदाही लावला. गिलाव्याचे तुकडे पडत गेले नि मला वारा लागला. किती बरं वाटलं, काय सांगू! मग दोघांनी गोठ्यातली झापं आणून मला बांधली. मी उभी राहिले.

दिवाळीत पणजीहून पहिले पाहुणे आले. त्यांची मुलं मला गाल लावून बसली. "हात लावून पळयात, थंड आसा," हे गोकुळदासच सांगत होता. आता तो स्लॅबचं नाव काढत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मित्रांनो, तुमच्या घराला मातीची भिंत असेल, तर तिला सिमेंट चोपडू नका. पावसाआधी झापं तेवढी बांधा. आणि जो हात रोज मायेने चाचपतो, त्याच्यावर माझ्यासारखा संशय घेऊ नका.

आज पुन्हा आभाळ भरून आलंय. गोकुळदास खांद्यावर नवी झापं घेऊन माझ्याकडेच येतोय. त्याच्या हातात कोयताही आहे. दोऱ्या कापायलाच असावा. असावा, नाही का?