घड्याळजींचे कान आणि मी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. खरोखरीची जुनी. हे मुद्दाम सांगावं लागतं, मित्रांनो, कारण हल्ली जन्मतःच जुन्या दिसणाऱ्या गाड्या निघाल्या आहेत. गोल दिवा, फुगीर टाकी, तपकिरी सीट, सगळं माझ्यासारखं. वय मात्र दोन महिने. अशाच दोघींपायी माझ्यावर भंगारात जायची पाळी आली होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या टाकीवरची सोनेरी रेघ एका कारागिराने श्वास रोखून हाताने ओढली. तिथून मी आले घड्याळजींच्या घरी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस, आणि त्याला आपल्या कानांचा भारी अभिमान. नुसती टिकटिक ऐकून ते कोणत्या चाकाचा दात झिजलाय ते सांगत. माझ्या आवाजावर तर त्यांचा जीव होता. "काय गाते बघा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऐकवत. मीही लाजून थोडा जास्त धूर सोडत असे. पुढे त्यांचं लग्न झालं आणि मागच्या सीटवर बाई आल्या. बाई ग्रंथालयात काम करतात.

यंदा मात्र माझे दिवस फिरले. एका सकाळी घड्याळजींनी मला चालू केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि निकाल दिला, "हिचा आवाज बसला. इंजिन संपलं." माझं इंजिन ठणठणीत होतं, पण मी सांगणार कशी? त्या दिवसापासून त्यांनी मला पुसणंही सोडलं. माझ्या सीटवर रद्दीचा गठ्ठा येऊन बसला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मला देऊन नवी आणायचं ठरलं. शोरूमला दोघं गेली तीही माझ्यावरच बसून. यात काही चुकतंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तिथे त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. बाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पर्समधून चिकटवायच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या की त्या आधी नंबर लावतात; हाताला सवयच ती. एकीच्या आरशामागे एक नंबर, दुसरीच्या आरशामागे दोन नंबर.

"दोघींत फरक काय हो?" बाईंनी विचारलं.

"स्वभावाचा," सेल्समन गंभीरपणे म्हणाला.

घड्याळजी डावीकडची घेऊन चक्कर मारून आले आणि नाक मुरडून म्हणाले, "अगदीच मुळमुळीत. आवाजात दम नाही, हँडलही थरथरतं." मग ते आत पाणी प्यायला गेले. तेवढ्यात सामानाचा ट्रक आला. सेल्समनने त्याला वाट द्यायला दोघींना बाजूला घेतलं आणि परत लावताना डावीकडची उजवीकडे ठेवली. मी दारात उभी राहून सगळं पाहत होते. घड्याळजी बाहेर आले, उजवीकडच्या गाडीवर बसले आणि चक्कर मारून आले ते हसतच.

"याला म्हणतात आवाज. आणि हँडल कसं, लोण्यासारखं. जमीनअस्मानाचा फरक आहे. हीच घ्यायची."

सेल्समनने लगेच माझी चावी मागितली. घड्याळजी ती काढायला खिसा चाचपू लागले.

बाईंनी मात्र आरशामागे डोकावून पाहिलं. "अहो, मघाशीही तुम्ही हीच चालवलीत."

सेल्समन छताकडे बघू लागला. घड्याळजींचा चेहरा पार उतरला.

"आता कळलं," बाई म्हणाल्या. "महिनाभर मी दारावरची बेल वाजवून दमते, तर तुम्ही म्हणता बेल बिघडली. गिऱ्हाइकांची चालू घड्याळं बंद म्हणून उघडून ठेवलीत. आणि हिचा आवाज बसला, हेही त्याच कानांनी ठरवलंत ना? द्या ती चावी इकडे."

तिथून आम्ही तडक कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कानांतून केवढा मळ निघाला, ते बाईंनी पुढे सगळ्या गल्लीला हाताने दाखवलं.

घड्याळजी बाहेर आले आणि त्यांनी किक मारली. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. ते दचकून एक पाऊल मागे सरले. मग तसेच उभे राहून ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, ही तर गातेय."

"गातच होती," बाई म्हणाल्या.

आता त्यांना माझा एकेक सैल स्क्रू ऐकू येतो. दर सुट्टीला ते पाना घेऊन माझ्यापाशी बसतात आणि मला क्षणाची उसंत देत नाहीत. मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तूचा आवाज बसलाय असं वाटलं, तर तिला विकायला काढण्याआधी एकदा आपले कान दाखवून या. मी मात्र हल्ली जरा हळूच गाते. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला परत मिळालंय, त्याचे कान आता मीच जपायला हवेत.