शाळेच्या उतारावरचा झोपलेला पोलीस

मानिसालेस शहरातून रस्तेबांधणी आणि वाहतुकीची पदविका घेऊन लुस एनित गावी परतली आणि पालिकेच्या रस्ते विभागात चिकटली, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलं ते तिच्या बापानं. एरिबेर्तो डोंगरावरच्या वाड्यांपासून गावापर्यंत निळी बस चालवायचा. दिसेल त्या प्रवाशाला सांगायचा, "आता हे रस्ते माझी पोरगी बघणार!"

पहिलंच काम आलं ते शाळेच्या उताराचं. मुलांच्या आयांनी तिथे झोपलेला पोलीस मागितला होता. आमच्याकडे गतिरोधकाला सगळे तेच म्हणतात. विभागप्रमुख ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "आधी वेग मोज. मागेल त्याच्या दारात उंचवटे घालत सुटलो, तर अख्ख्या गावाला कमरेचा पट्टा लागेल."

लुस एनित वेग मोजायचं यंत्र घेऊन पेरूच्या झाडाखाली बसली. जीपगाड्या, मोटारसायकली, दुधाची गाडी, सगळ्यांची नोंद होत गेली. दुपारी वरच्या बाजूनं ओळखीचा हॉर्न आला. निळी बस समोरून सुसाट गेली. यंत्रावर आकडा उमटला, ताशी अडुसष्ट. त्या आठवड्यात त्याहून जोरात कुणीच गेलं नाही.

"बाई, एवढा एक आकडा गाळला तर?" तिनं ऑफिसात ओब्दुलियाबाईंना विचारलं.

"गाळ की. पण उद्या त्या बससमोर एखादं पोर आलं, तर तेही गाळता येईल का, ते सांग."

शनिवारी शाळेत सभा भरली. चालकांच्या वतीनं बोलायला उठला एरिबेर्तोच.

"आमच्यातलं कुणी तीसच्या वर जात नाही! ही कालची पोर, हातात खेळणं घेऊन बसते आणि..."

"एक गाडी अडुसष्टनं गेलीय," लुस एनित म्हणाली. तिनं नोंदवही उघडून धरली.

"कोण तो गाढव? नाव सांग!"

"नावं नाही लिहीत आम्ही, बाबा. गाडी लिहितो."

"मग रंग सांग!"

"निळा."

गावात निळी बस एकच. खिडक्यांच्या काचा हलतील असं हसू फुटलं. एरिबेर्तो आधी कावराबावरा झाला, मग छाती फुगवून मागे बसलेल्या गावच्या मेकॅनिककडे वळला, "बघ! आणि तू म्हणतोस इंजिन मेलंय!" तेवढ्यात त्याची नजर पुढच्या बाकावर पाय हलवत बसलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांवर गेली. तो खाली बसला. "घाला तुमचा पोलीस," एवढंच पुटपुटला.

घरी अबोला सुरू झाला.

"तुझ्या मुलीला म्हणावं, मक्याच्या अरेपांची थाळी इकडे सरकव."

"आई, तुझ्या नवऱ्याला म्हण, हात लांब कर."

आई हसू दाबत दोघांच्या मधून थाळी फिरवायची.

काँक्रीट पडलं. लुस एनितनं उन्हात उभं राहून उंची तपासली, पिवळे पट्टे मारून घेतले. रस्ता खुला झाला तेव्हा पहिली आली निळी बस, टपावर अंडी ठेवल्यासारखी हळू. चालकांनी त्या उंचवट्याचं नावच 'एनित' ठेवलं. आता प्रवासीही म्हणतात, "मला एनितपाशी उतरवा."

पुढच्या महिन्यात एरिबेर्तो दोन चालकांना घेऊन पालिकेत आला. टोपी हातात, पोरीला चक्क अहो-जाहो.

"मॅडम, कॉफीच्या गिरणीपाशी वळणावर समोरचं दिसत नाही. तिथे आरसा बसवाल का?"

"बाबा, नीट बोला हो!"

"ऑफिसात आहोत, मॅडम."

ओब्दुलियाबाई खो-खो हसल्या. लुस एनितनं हेल्मेट उचललं. "चला, जागा बघून येऊ." बापानं बसचं दार उघडून धरलं, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या एका आजोबांना त्यानं तिच्यासाठी मागे पिटाळलं.