येरळेच्या पात्रातलं फुटेज

सांगलीची सुमैरा मुजावर विद्यापीठात माहितीपट शिकवायची आणि सुट्टीत स्वतःचे माहितीपट करायची. या वेळचा विषय येरळा नदीतला चोरटा वाळूउपसा होता. वडूजजवळचा मेंढपाळ बाळासो त्यात बोलायला तयार झाला. उपशाच्या खड्ड्यात त्याची मेंढरं बुडून मेली होती, आणि तक्रार करणारा गावात तो एकटाच होता.

भर दुपारी नदीच्या पात्रात मुलाखत चालू असताना वाळूवाल्यांची एक जीप आली. दोघे उतरले, एकाकडे फावड्याचा दांडा, दुसऱ्याकडे पहार. काही न विचारता त्यांनी बाळासोला आडवं पाडलं. पहारीनं त्याचा पाय मोडला, मग कोपर. हाड मोडल्याचा आवाज सुमैराला हेडफोनमधून ऐकू आला.

मग दांडेवाला तिच्याकडे वळला. दांडा जबड्यावर बसला, कॅमेरा ट्रायपॉडवरून सुटून वाळूत पडला, पण त्यांच्याकडे तोंड करून चालूच राहिला. सुमैरानं ट्रायपॉड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. तो कोसळला. ती मारतच राहिली. त्याचा डोळा फुटला, पहारवाला जीप घेऊन पळाला, तरी ती थांबली नाही.

"मॅडम, मरंल त्यो," पडल्या पडल्या बाळासो म्हणाला. "बास करा."

तेव्हा तिचा हात थांबला.

मिरजेच्या दवाखान्यात तिचा जबडा तारांनी बांधला. तिच्या वकिलानं सुचवलं, की बाळासोला मारलं तेवढंच फुटेज पोलिसांना द्यावं. दरम्यान कुणीतरी बाळासोचा मेंढवाडा पेटवला. त्याची बायको रंगुबाई दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या लुगड्याला जळक्या लोकरीचा वास होता.

"सगळं द्या," ती म्हणाली. "तुमी काय लपवलं, तर आमचंबी खोटं ठरंल."

सुमैरानं सगळं दिलं. दोघा हल्लेखोरांना शिक्षा झाली. पडलेल्या माणसाला मारत राहिल्याबद्दल तिलाही झाली. अपिलात ती जामिनावर सुटली, पण विद्यापीठातली नोकरी गेली.

तिनं माहितीपट पुरा केला आणि पहिल्यांदा वडूजलाच दाखवला. पडद्यावर तिचा ट्रायपॉड त्या माणसाच्या तोंडावर बसला, तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. शिट्ट्याही आल्या. पुढच्या रांगेत कुबडी घेऊन बसलेला बाळासो मान खाली घालून होता.

सुमैरा उठली आणि तिनं प्रोजेक्टर बंद केला. लोक गप्प होईपर्यंत ती अंधारात उभी राहिली. मग बाळासोचा पाय मोडतो तिथपासून तिनं माहितीपट पुन्हा लावला. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही.