बियाणं आणायला गेलेले खापरपणजोबा

खापरपणजोबांचा विषय निघाला की घरात सगळे नाक मुरडायचे. "तो पळपुटा!" दीडशे वर्षांपूर्वी बियाणं आणायला म्हणून ते शेतावरून गेले, ते परतलेच नाहीत. खापरपणजीने एकटीने नांगर धरला, पोरं वाढवली आणि मरेपर्यंत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

नर्सची नोकरी संपल्यावर घरातल्या थोरल्या ताईने शेताच्या जुन्या कागदांवरून त्यांचा माग काढायला घेतला. लांबच्या एका दवाखान्याच्या मृत्यूनोंदीत त्यांचं नाव, गाव सापडलं. पटकीच्या साथीत गेले होते. जवळ बियाण्याचं पोतं असल्याचंही लिहिलं होतं. त्या धामधुमीत घरी कळवायचं राहूनच गेलं होतं.

ताईने तिथूनच धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, ते पळाले नव्हते. घरीच यायला निघाले होते."

भाऊ म्हणाला, "पण ताई, हे आता खापरपणजीला कोण सांगणार?"

जन्मभर परक्यांच्या उशाशी कोरड्या डोळ्यांनी बसलेली ताई, कधीही न पाहिलेल्या त्या बाईसाठी दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडली.