बांधावरची झेंडी

राजकुमारने लाल झेंडी बांधावरच्या हिवराच्या बुंध्याजवळ मातीत खोचली, टाचेने माती दाबली आणि तो वावराच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. तिथून त्याने छोटी दुर्बीण डोळ्याला लावली. आतले आकडे क्षणभर थरथरले आणि थांबले. दोनशे बारा मीटर. त्याने वहीत टिपून घेतलं.

दुर्बीण नवी होती, लेझरने अंतर मोजणारी. पायाशी टेकून ठेवलेली जाड डोक्याची काठीही नवीच. नागपूरच्या दुकानदाराने ती आठवडाभर वापरून बघायला दिली होती, आणि रविवारी पुण्याच्या गोल्फ कोर्सवर राजकुमारचा खेळ ठरला होता. बाकीचे लोक देवस्थानं करतात, हा गोल्फची मैदानं करतो, असं त्याची बायको वंदना म्हणायची. गुलमर्ग झालं होतं, उटी झालं होतं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी नवं सामान वापरायचं आणि त्यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये सविस्तर लिहायचं, हा त्याचा नेम. पुण्याच्या वाटेवर साखरखेर्ड्याजवळ सासुरवाडी. दोन दिवसांचा मुक्काम, आणि मेहुण्याचं हे वावर सोयाबीन निघाल्यापासून मोकळंच पडलेलं. त्याला राहवलं नाही.

पहिला चेंडू वाकडा गेला. दुसरा मात्र सणसणत निघाला आणि झेंडीच्या अलीकडे कुठेतरी धूळ उडाली. राजकुमार स्वतःवरच खूश झाला. मान वर केली तेव्हा हिवराखाली एक बाई उभी असलेली दिसली.

तो धावतच गेला. “लागलं नाही ना?”

साठी ओलांडलेली, विळा कमरेला खोचलेला, नजर झेंडीवर. राजकुमारने ओळखलं. शेजारच्या पट्टीवाल्या शालूबाई. लग्नात त्यांनी त्याला हळद लावली होती, असं वंदना सांगायची.

“हे काय करून राह्यले, जवाईबापू?”

“काही नाही, काकू. अंतर मोजतोय.”

“सरकारकडून?”

राजकुमारला हसू आलं. तो सरकारी खात्यात इंजिनिअर होता, पण रजेवर होता, आणि पायात दोन रंगांचे बूट होते. “सरकारला काय करायचंय इथलं! सहज आपलं.”

शालूबाई हसल्या नाहीत. त्यांनी झेंडीकडे पाहिलं, मग झेंडीच्या बुडाशी असलेल्या एका काळ्या गोट्याकडे. राजकुमारने तो आधी पाहिला नव्हता. त्याला शेंदूर नव्हता, काही नव्हतं, नुसताच नीट बसवलेला दगड.

“मागच्या टायमालेबी असंच म्हनले होते,” त्या म्हणाल्या, आणि बांधाबांधाने निघून गेल्या.

दुपारी तो जेवून उठला तेव्हा अंगणात पाचसात माणसं बसलेली होती. तो हात धुवायला गेला तेव्हा सगळे जरा जरा सरकले आणि त्याच्या हातांकडे बघत राहिले. शिवाराच्या बाजूने कुदळींचे आवाज येत होते. भर उन्हात, एकाच वेळी, चारी दिशांनी.

“काय चाललंय?” त्याने मेहुण्याला विचारलं.

गजेंद्र त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लोटून पोट धरून हसला.

“भाऊजी, तुम्ही तं कमाल केली. रस्ता येऊन राह्यला म्हनते गावात. कारभारीनं डाळिंबाची रोपं आनली, खड्डे करून राह्यला. नजीरभाई टिनाचं शेड ठोकून राह्यले. झाड दिसलं, शेड दिसलं, का मोबदला वाढते नं!”

राजकुमारही हसला. मग त्याला सकाळची बाई आठवली.

“पण मी तर सांगितलं, काही नाही म्हणून.”

“तेच तं! मागचा रस्ता आला तवा झेंड्या लावनारेबी काही नाही, काही नाही म्हनत होते. आता तुम्ही नाही म्हनसान तं लोक हो समजते.” गजेंद्रचं हसू ओसरलं. तो खाटेवर बसला. “आता राहू द्या तसंच. दोन दिवस.”

“का?”

गजेंद्रने खिडकीकडे पाहिलं. त्याच्या दोन वावरांच्या मधोमध शालूबाईची पट्टी होती. पाइपलाइन न्यायची तर वळसा, ट्रॅक्टर न्यायचा तर वळसा. दहा वर्षांपासून तो ती विकत मागत होता. शालूबाई देत नव्हत्या. त्यांचं सव्वा वर्षाचं लेकरू तिथे पुरलेलं होतं, हिवराखाली. लहान लेकराला जाळत नाहीत, आपल्याच वावरात ठेवतात. अडतीस वर्षं झाली. नवरा गेला, दीर वेगळे झाले, तरी बाई रोज सकाळी त्या दगडापाशी जाऊन बसायच्या आणि मगच कामाला लागायच्या.

“मागच्या रस्त्यात कारभारीच्या बापाची समाधी गेली,” गजेंद्र म्हणाला. “यानं उचलू उचलू म्हनलं, अन् एक दिवस पाह्यते तं मशीन फिरून गेली. तवापासून शालूकाकूले त्याच गोष्टीचं भेव हाय. जागा गेलीच असं वाटलं, तं देईन ती मले. मोबदल्यासाठी कचेरीत तिचं कोन फिरन? तुम्ही खोटं बोलू नका, भाऊजी. नुसते गप राहा.”

राजकुमारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गजेंद्रची बायको जयमाला चहा घेऊन आली. चहात वेलदोडा होता, आणि बशीत त्याच्यासाठी मुद्दाम केलेल्या करंज्या. सासुरवाडीच्या माणसाला दुखवणं त्याला कधीच जमलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला आणखीही काहीतरी आवडलं होतं. अंगणातली ती सरकून जागा करून देणारी माणसं. पंचवीस वर्षं खात्यात काढून त्याला एवढा मान कोणी दिला नव्हता.

संध्याकाळी वंदना दळण घेऊन परत आली ती तडक त्याच्याकडे.

“शालूकाकूंना तुम्ही खरं काय ते सांगितलं ना?”

“सांगतो.”

“कधी?”

“सकाळी. झेंडी काढायला जाणारच आहे.”

वंदनाने दळणाचा डबा पुन्हा उचलला. ती त्याच्या शेजारी बसलीही नाही. तिची आई आजारी असायची त्या दिवसांत याच बाईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, हे राजकुमारला माहीत होतं. ते तिने आत्ता बोलून दाखवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

सकाळी तो एकटाच निघाला. काठी घेतली नाही, दुर्बीणही नाही. काय बोलायचं ते त्याने मनात तीनदा घोळवलं. वाटेत जिथे काल नुसती ढेकळं होती, तिथे रोपांच्या रांगा उभ्या होत्या, पाणी न घातलेल्या. नजीरभाईंच्या वावरात चार खांबांवर कोरं टिन चमकत होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं. माणसं कुठेच दिसत नव्हती. एक कुत्रं बांधावर बसून हिवराकडे बघत होतं, आणि तो जवळ आला तरी त्याने मान वळवली नाही.

झेंडी जागेवर होती. काळा दगड नव्हता. त्याच्या जागी कंबरभर खोल खड्डा होता आणि खड्ड्याच्या काठावर शालूबाई पाय आत सोडून बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. मांडीवर हिरव्या कोऱ्या खणाचं गाठोडं.



“काकू,” तो म्हणाला. पुढचं पाठ केलेलं सगळं नाहीसं झालं. “काकू, रस्ता नाहीये.”

त्यांनी वर पाहिलं.

“रस्ता येत नाहीये. मी खेळत होतो. तो खेळ आहे, झेंडी लावायची आणि तिच्याकडे चेंडू मारायचा. मी कालच सांगायला हवं होतं. मला कळलं होतं, तरी मी...” त्याने गाठोड्याकडे पाहिलं. “तुम्ही गजेंद्रला हो म्हणाला असाल तर नाही म्हणा. मी स्वतः सांगतो त्याला. ही जागा तुमचीच राहील.”

शालूबाईंनी नखातली माती दुसऱ्या नखाने काढली.

“उजाडायच्या आत आली मी,” त्या म्हणाल्या. “कोनाले बलावलं नाही. मले वाटलं, सापडन काहीतरी. हातात चांदीचं कडं होतं त्याच्या. मीच काढू देलं नव्हतं.” त्यांनी खड्ड्यात पाहिलं. “काहीच नाही निघालं, बापू. नुसती माती. इतकी खोदली, तं कोनती माती त्याची अन् कोनती वावराची, तेबी समजंना.”

“मग आपण ती परत...”

“काय परत?”

राजकुमारने काठावरच्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं.

“अडतीस वर्सं मी इथं येऊन बसली. तो इथं हाय म्हनून बसली. आता पाह्यलं मी. आता कशी बसू?” त्या अजिबात चिडलेल्या नव्हत्या. त्याला वाटलं, त्यांनी एक शिवी द्यावी. “तीन मुठी माती घेतली. भाचा येऊन राह्यला गाडी घेऊन. त्याच्या वावरात ठेवीन. अन् सोमवारी गजेंद्रले सही देईन.”

“पण रस्ताच नाही, काकू!”

“असं नका म्हनू.”

तो थांबला.

“रस्ता येनार होता म्हनून मी खोदलं,” शालूबाई म्हणाल्या. “मशीन फिरू नये म्हनून. नाही तं कोनती माय खोदते?” त्यांनी गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “येनार हाय म्हना, बापू. तुम्ही सायेब हा. तुम्ही म्हना.”

साखरखेर्ड्याच्या बाजूने मोटारसायकलचा आवाज जवळ येत होता. राजकुमारने ओठ ओले केले.

“येणार आहे,” तो म्हणाला. “इथूनच येणार आहे, काकू.”

शालूबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी उठायला हात पुढे केला, आणि त्याने तो धरला.