जुन्या बाजारातला पारा

पत्र्याच्या चपट्या डबीत घड्याळाचे काटे होते. तासाचे तीन, मिनिटाचे पाच आणि सेकंदाचा एकही नाही. तिने नखाने काटे बाजूला सारून पुन्हा मोजले – आठच. डबीच्या उजवीकडे दाराच्या मुठी चार, त्यांतल्या दोनच जोडीच्या. डावीकडे चष्म्याची रिकामी फ्रेम एक. वायर तोडलेली इस्त्री एक. आणि मागे, निळ्या ताडपत्रीला दुमड पडली होती तिथे, एकावर एक रचलेली सात पुस्तकं आणि त्यांच्यावर पालथी पडलेली बाहुली. डबीला एक धरलं तर एकूण पंधरा वस्तू.

मोजून झालं तरी ती उभीच राहिली. ती आज काही घ्यायला आली नव्हती. खांद्याच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं, राखाडी पत्र्याच्या लांबट पेटीतलं, पाच महिन्यांपूर्वी याच ताडपत्रीवरून घेतलेलं; ते आधी कुणाचं होतं एवढंच विचारायचं होतं. एक प्रश्न, एक उत्तर, आणि साडेदहाला प्रयोगशाळेत. तरी हात डबीकडे गेलाच. या बाजारात आलं की हात आपले राहत नाहीत.

हा बाजार ती बाबांच्या मागे फिरून शिकली. बाबा वीज कंपनीत मीटर वाचायचे. पस्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले, आणि शनिवारची सकाळ तेवढी स्वतःसाठी ठेवली. त्यांचे नियम ठरलेले. हवी असलेली वस्तू आधी उचलायची नाही, तिच्या शेजारची उचलायची. उलटी करून तळ पाहिल्याशिवाय भाव विचारायचा नाही. भाव ऐकून हसायचं नाही, चिडायचं नाही, नुसतं “बरं” म्हणून बाजाराला एक फेरी मारून यायचं. फेरीनंतर वस्तू जागेवर असली तर ती आपली. त्या फेरीत काय असतं ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. वस्तू आपली झालेली नसते, दुसऱ्या कुणी उचलली असेल का असं सारखं वाटत असतं, पाय मात्र मुद्दाम सावकाश टाकायचे... आणि वळण घेतल्यावर ती तिथेच दिसते. आपल्यासाठी थांबल्यासारखी. नव्या कोऱ्या दुकानात हे मिळत नाही. तिथे एक गेली तर तशाच आणखी चाळीस असतात.

आईला यातलं काही पटायचं नाही. “घर आहे की भंगाराचं गोदाम?” ती दारातच विचारायची. मग दोन दिवसांनी त्याच जुन्या खलबत्त्यात काहीतरी कुटताना म्हणायची, “असू दे आता. पदरी पडलं, पवित्र झालं.”

यंत्राच्या वेळी मात्र फेरी मारायचा धीरही तिला झाला नव्हता. बाबांना तपासून डॉक्टर म्हणाले होते की वरचा आकडा एकशे पन्नास येतोय, पण पुष्कळांचा दवाखान्यात भीतीनेच वाढतो. घरी महिनाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा, मग गोळी सुरू करायची का ते ठरवू. दादा नवं, बॅटरीवरचं यंत्र आणायला निघाला होता. तिने त्याला अडवलं. ती मापनयंत्रांच्या तपासणी प्रयोगशाळेत कामाला. दवाखान्यांची, कारखान्यांची यंत्रं आठवड्याला चाळीस तिच्या टेबलावरून जातात, आणि तिची सही झाल्याशिवाय त्यांच्यावर “तपासले” अशी चिठ्ठी लागत नाही. “त्या डब्यात काय आहे ते त्या डब्यालाच ठाऊक,” ती म्हणाली होती. “पारा खोटं बोलत नाही.”

“तू तज्ज्ञ. आम्ही काय, अडाणी,” दादा म्हणाला आणि गाडीची किल्ली खिळ्याला परत लावली.

आणि लगेच त्या शनिवारी हे मिळालं. काचेला चरा नाही, पारा चकचकीत, पेटीची कडी अजून टक् असा आवाज करत बसणारी. बाबांनी पेटी उलटी करून तळ पाहिला आणि तिच्याकडे बघून भुवया उडवल्या – त्यांची सर्वांत मोठी दाद. घरी येऊन तिने स्वतःच्या दंडावर मोजून दाखवलं. एकशे बारा. अगदी बरोबर वाटलं. “तू जा कामाला,” बाबा म्हणाले, “आकडे वाचायला मला कुणी शिकवायला नको.”

प्रयोगशाळेत नेऊन ते तपासायला तिला वीस मिनिटं लागली असती. तिने ती दिली नाहीत. वेळ नव्हता हे कारण खोटं... खरं कारण असं की तपासलं असतं तर ते एक यंत्र झालं असतं, क्रमांक घातलेलं, फरकाचा रकाना भरलेलं. न तपासलेलं होतं तोवर ती लॉटरी होती. एवढं स्वस्त, एवढं देखणं – त्यात खोट असेल तर ती मला बघायचीच नव्हती.

महिनाभराची वही डॉक्टरांनी चाळली. सगळे आकडे एकशे तीसच्या आसपास. “छान आहे, गोळी नको,” ते म्हणाले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी बाबा न्हाणीघराच्या दारात पडले. रुग्णालयात वरचा आकडा दोनशे चार होता. तिथल्या तरुण डॉक्टरने वही पाहून सहज विचारलं, “हे कुठल्या यंत्रावर घेतलं होतं?” दादाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीकडे वळवली. त्याने पुढे कधीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“काय ताई, काटे जुळत नाहीत का?”

भिंगवाले काका – गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असतं म्हणून बाजारभर हेच नाव – स्टुलावरून वाकून बघत होते.

“सेकंदाचा एकही नाही, काका.”

“या वयात सेकंद कुणाला हवेत? तास निघाला तरी पुरे.” ते स्वतःच हसले. “मीटरवाले साहेब कुठंयत? दुसरं दुकान धरलं की काय? सांगा त्यांना, भिंगवाला रुसलाय म्हणून.”

“बरं नाही त्यांना.” तिने पेटी काढून ताडपत्रीच्या कडेला ठेवली. “काका, हे तुमच्याकडे कुठून आलं होतं?”

“हे होय! एक म्हातारे डॉक्टर वारले, मुलाने खोली रिकामी केली. खुर्चीसकट उचललं मी.” त्यांनी भिंग डोळ्याला लावून कडी पाहिली, आणि भिंग तसंच धरून म्हणाले, “म्हणजे साहेबांनी शेवटी सांगितलं वाटतं तुम्हाला.”

“काय सांगितलं?”

“अहो, परत घेऊन आले होते ना हे. तुम्ही नेलंत त्याच आठवड्यात, मधल्याच वारी. एकटे. म्हणाले, शेठ, हे पळतंय. एकशे ऐंशीच्या खाली यायलाच तयार नाही, पारा कुणी जास्ती ओतलाय का बघा. मला कुठलं कळायला! मी म्हटलं, ठेवा इथं, पैसे परत घ्या. तर म्हणाले, छे छे. पोरीने एवढ्या हौसेने घेतलंय, नोकरीच तिची असल्या यंत्रांची, तिला कळलं तर तोंड एवढंसं होईल. राहू दे, मी सांभाळून लिहितो.”

“सांभाळून लिहितो?”

“असंच म्हणाले बाई. हसत होते. चहा घेऊन गेले.” काकांनी भिंग सोडलं. “का हो? जास्तच दुखणं आहे का?”

तिने मान हलवली – हो अशी की नाही अशी, ते तिलाच कळलं नाही. पेटी पिशवीत घातली. काकांनी मागून काटे घेऊन जायला सांगितलं, तसेच, भाव नको म्हणाले. ती वळली नाही.

प्रयोगशाळा तिथून चालत अठरा मिनिटांवर. एका बाजूला बंद दुकानांच्या शटरची रांग, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत, आणि डोक्यात ती वही – वहीची पानं तिला पाठ होती. रुग्णालयाच्या बाकावर बसून तिने साठच्या साठ आकड्यांची सरासरी काढली होती: एकशे बत्तीस, आकड्यांचा पसारा जेमतेम दोनचा. जिवंत माणसाच्या रक्तदाबात एवढी शिस्त नसते. माणूस जिना चढतो, कुणाशी भांडतो, नीट झोपत नाही. आकडा दहा-बारांनी तरी हलतोच. तेव्हा हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने निष्कर्ष काढला होता की यंत्र अडकतंय, पारा वर चढत नाही. यंत्रच. माझंच. साठ आकडे एका माणसाने टेबलाशी बसून तयार केले असतील हे मनात आलंच नाही, कारण तो माणूस बाबा होते.

पण बाबांच्या कामात हे पाप नव्हतं. घराला कुलूप असलं तर मीटरवाला काय करतो? मागल्या तीन महिन्यांची सरासरी टाकतो. मीटर पळत असला, भलतंच दाखवत असला, तरी गिऱ्हाइकाला फटका बसू नये म्हणून सरासरीच टाकतो आणि पुढे निघतो. “आकडा वेडा झाला तर माणसाने शहाणं व्हावं,” ते म्हणायचे. पस्तीस वर्षांत एक तक्रार नव्हती त्यांच्यावर. म्हणजे रोज सकाळी ते दंडाला पट्टा बांधत असतील, कानांत नळ्या घालत असतील, एकशे ब्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी बघत असतील... आणि जुन्या बाजारातली वस्तू, बिचारी, पळतेय, म्हणून शहाणपणाने एकशे बत्तीस लिहीत असतील. संध्याकाळी मी विचारायची, “कसं चालतंय यंत्र?” – “फर्स्ट क्लास!”

आता विचारून उपयोग नाही. मेंदूच्या त्या झटक्यापासून त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय. आज निघताना तिने त्यांच्या खुर्चीपाशी बसून विचारलं होतं, “बाबा, यंत्र बरोबर होतं ना?” “हो,” ते म्हणाले. “की चुकत होतं?” “हो,” ते म्हणाले, तितक्याच मायेने, आणि डावा हात तिच्या केसांवर ठेवला.

सकाळी घरून निघाले तेव्हा मला एक हवं होतं: यंत्र अचूक निघावं, म्हणजे मी सुटले. शाळेची भिंत संपता संपता तिच्या ध्यानात आलं की ते तिला आता नको होतं. आता यंत्र चुकीचं निघायला हवं होतं. बाबा म्हणाले तसं पळणारं. तीस जास्त दाखवणारं – तीस पुरेत. एकशे ऐंशीतून तीस गेले की एकशे पन्नास, दवाखान्यातला आकडा जुळतो, आणि मग बाबांनी पाहिलं ते खरंच वेडं होतं, त्यांच्या नजरेने यंत्राची खोट बरोबर पकडली होती. दोष माझ्या खरेदीचा. तो मी घेते. सगळा घेते. पण ते अचूक निघालं तर... तर त्यांना रोज दोनदा खरं सांगितलं जात होतं, आणि माझं तोंड एवढंसं होऊ नये म्हणून –

“उशीर,” सर म्हणाले. प्रयोगशाळेत शनिवारी ते दोघंच. सरांना सगळे मागे शून्यसर म्हणायचे, कारण कुठलंही यंत्र आलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच. “शून्य बघितलंस?”

“बघितलं. शून्यावर आहे.”

“कुणाचं हे?”

“घरचं. वडिलांचं.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. तिच्या वडिलांबद्दल त्यांना माहीत होतं. “मग तू वाचू नकोस,” ते म्हणाले. “तू संदर्भमापकावर दाब लाव. पारा मी वाचतो. दोघांचे कागद वेगळे. घरच्या यंत्राला घरचा डोळा लागतो.”

त्यांनी दंडाचा पट्टा काढला आणि नळीला तिकटी जोडली – एक फाटा पेटीकडे, एक प्रयोगशाळेच्या मापकाकडे, एक हातपंपाकडे. ती मापकाकडे तोंड करून बसली. पेटी तिच्या पाठीमागे. खोलीचं तापमान तेवीस. गळती नाही. तिने पंप दाबला, पन्नासवर थांबली, म्हणाली, “घ्या.” मागे पेन्सिलीचा आवाज. शंभर. “घ्या.” इतकी वर्षं हे काम करताना मला कुठल्याच आकड्याचं काही वाटलं नव्हतं, लोकांची यंत्रं चुकायची, नाहीतर चुकायची नाहीत. दीडशे. “घ्या.” पेन्सिल या वेळी जास्त वेळ चालली असं तिला वाटलं – तीन अंक, तेवढेच तीन अंक, तरी जास्त वेळ. चुकू दे. मी चमत्कार मागत नाही, तीस मिलिमीटर मागतेय, वीसही चालतील. दोनशे. तळहाताला घाम आला होता म्हणून तिने पंप डाव्या हातात घेतला. “घ्या.” अडीचशे. मग उतरताना, त्याच बिंदूंवर, त्याच क्रमाने उलट. शून्यावर आल्यावर नळीतून बारीक सुस्कारा आला आणि थांबला.

“मान्य फरक तीन,” सर सवयीने म्हणाले, आणि आपला कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. खुर्ची मागे ओढून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले, पट्टी आडवी लावली आणि शेवटचा रकाना भरायला घेतला.

शून्य धरून सहा बिंदू, चढताना आणि उतरताना. सर्वांत मोठा फरक: एक मिलिमीटर.