महाबळेश्वरापुरती मावशी

बजरंग ढगे कुणावर उपकार केला की पावती लगेच फाडत नसे, पण स्थळप्रत जपून ठेवायचा. शेजारच्या धम्मानंद खंदारेच्या नावावर अशा बऱ्याच स्थळप्रती जमल्या होत्या. दोघं परभणीत भिंतीला भिंत लागून राहायचे, झरीकडच्या एकाच शाळेत शिकवायचे आणि बजरंगच्या गाडीतून जायचे-यायचे. पेट्रोल निम्मं निम्मं, पण गाडी बजरंगची, म्हणून नोंद उपकारात. धम्मानंदचे वडील दत्तराव शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांना ह्याच गाडीतून नांदेडला नेलं होतं. ती मोठी नोंद. वर्षातून एकदा-दोनदा ती चारचौघांत वाचून दाखवली जायची.

आता बजरंगची सगळी ऑनलाइन माहिती धम्मानंद भरायचा, धम्मानंदची बायको बबिता बँकेत कॅशियर, ती ढग्यांची कामं रांगेशिवाय करून द्यायची, बजरंगच्या आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखलाही तीच काढून आणायची. ह्याची नोंद कुठंच नव्हती. शेजारधर्माची जमा बाजू ढग्यांकडे आणि नावे बाजू खंदाऱ्यांकडे, असं ते खातं वर्षानुवर्षं चाललं होतं.

बजरंगची आई कमलबाई आणि धम्मानंदची आई सरजाबाई रोज संध्याकाळी मधल्या कमरेएवढ्या भिंतीशी उभ्या राहून बोलायच्या. गुडघे दुखेपर्यंत बोलायच्या. पण कमलबाई भिंत सोडून खंदाऱ्यांच्या घरात आल्या की नेमका त्यांचा उपवास निघायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. आणि उरलेल्या दिवशी पित्त. एकदा सरजाबाईंनी मुद्दाम भगर करून ठेवली, तर त्या दिवशी निर्जळी निघाली. सरजाबाईंनी भगर घरच्यांना वाढली आणि विषय सोडून दिला.

मे महिन्यात अंगणातली फरशी संध्याकाळपर्यंत पाय ठेवू देईना, तेव्हा बजरंगने महाबळेश्वरचा घाट घातला. दोन्ही घरं मिळून, बजरंगची गाडी आणि शिवाय एक भाड्याची. व्हॉट्सअॅपवर 'महाबळेश्वर चलो' असा ग्रुप निघाला. हॉटेल नको, कारण कमलबाई बाहेरचं खात नाहीत. म्हणून स्वयंपाकघरासकट अख्खा बंगला. बजरंगच्या मेव्हण्याच्या ओळखीतून तो मिळालाही. समोर दरी, खाली एक खोली, म्हणजे सरजाबाईंना जिना चढायला नको. बजरंगने त्या खोलीचा फोटो खास सरजाबाईंना दाखवला आणि त्याचीही स्थळप्रत ठेवली.

सरजाबाईंनी उभ्या जन्मात बालाघाटाचे डोंगर सोडले तर डोंगर पाहिला नव्हता. त्या नातीला, धम्मशीलाला, घेऊन बाजारात गेल्या आणि स्वेटर मागितला. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, मग माळ्यावर चढला. चॉकलेटी रंगाचा, पुढे बटणांचा. घरी येऊन पंख्याखाली त्यांनी तो घालून बघितला आणि घामाने भिजल्या तरी बराच वेळ काढला नाही. ढेकळातून चालायचे दिवस आठवून म्हणाल्या, थंडीसाठी माणसानं पैसे मोजायचे म्हणजे लय झालं.

जायला चारेक दिवस उरले असताना बजरंग संध्याकाळी चहाला आला. खुशीत होता. चिवड्याची बशी पुढे ओढून त्याने सांगितलं की बंगल्याच्या मालकाला त्याने कसं गुंडाळलं. मालकाचा फोन आला होता. बजरंगचं आडनाव त्याला कळलंच होतं, तरी त्याने खोदून विचारलं, सोबतची माणसं कोणती? आमच्या स्वयंपाकघरात देवघर आहे, म्हणून विचारतो. बजरंगने पटकन सांगितलं, सगळे आमचेच, एका घरातले.

"म्हणलं, माझी मावशी हाय, मावसभाऊ हाय, त्याची बायको-पोरगी हाय. गप झाला की गडी."

तो स्वतःच मोठ्याने हसला. धम्मानंदही हसला. बबिता चहा गाळत होती, तिने गाळणी खाली ठेवली.

मग बजरंगने पुढची व्यवस्था सांगितली. त्याने फार विचार केला होता, हे मान्य करायला हवं. बंगल्यावरच्या माणसाकडे नावं बजरंग स्वतःच लिहून देणार, म्हणजे आडनावाचा प्रश्न नाही. सरजाबाई सकाळी वंदना म्हणतात, ती तेवढे दिवस मनातल्या मनात म्हणावी. धम्मानंदच्या फोनवर भीमगीताची रिंगटोन आहे, ती बदलावी. बबिताच्या गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट आत ढकललं तर दिसत नाही. आणि धम्मशीलाला नुसतं शीला म्हणावं. नाव छानच आहे, फक्त पुढचा भाग मुक्कामापुरता सोडायचा.

धम्मशीला चौथीत होती. तिने वहीतून मान वर केली. "अन् शीला म्हणून कुणी हाक मारली, मी ओ दिली न्हाई तर?"

"द्यायची बेटा," बजरंग म्हणाला. "खेळ समज."

तो गेल्यावर बबिताने कपबशा उचलल्या नाहीत. तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, तुमी हसलात कशाला? धम्मानंद म्हणाला, त्याच्या मनात वाईट नव्हतं. बबिता म्हणाली, मी त्याच्या मनाचं विचारलंच नाही. धम्मानंद म्हणाला, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, आई पहिल्यांदा कुठं निघाली आहे, तिच्यासाठी तरी. बबिताला ह्याचाच जास्त राग आला. आईचं नाव पुसायचं आणि तेही आईच्याच नावावर खर्ची टाकायचं.

सरजाबाई आतून ऐकत होत्या. त्यांना दत्तराव आठवले. दत्तराव कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. पोराला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरने 'धम्मानंद' ऐकून तोंड वाकडं केलं, अवघड आहे म्हणाला, आणि रजिस्टरात धनंजय लिहून मोकळा झाला. दत्तराव भांडले नाहीत. शाळेच्या ओट्यावर बसले. मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, हे बसलेलेच. शेवटी मास्तरने काट मारून नाव दुरुस्त केलं आणि काटेवर सही केली. त्या दिवसाची हमाली बुडाली होती. घरी आल्यावर दत्तराव एवढंच म्हणाले होते, की सस्त्यात काम झालं.

रात्री सगळे जेवायला बसले आणि धम्मानंदचा फोन वाजला. पुण्याहून त्याचा भाऊ सुगत होता. फोन ट्रिंग ट्रिंग असा वाजला, सरकारी कचेरीतला वाजावा तसा. गाणं नव्हतं. बजरंगचा चहा अजून पोटात जिरला नव्हता आणि धम्मानंदने काम उरकूनही टाकलं होतं.

धम्मानंदने फोन उचलला नाही. बबिताने भाकरी मोडली, ताटात ठेवली आणि उठून गेली. सरजाबाई लेकाकडे बघत राहिल्या, ओट्यावर बसलेल्या माणसाचा हा पोरगा, आणि धम्मानंदने ताटात घातलेली मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग आणि कमलबाई शिध्याचं ठरवायला आले. ज्वारीचं पीठ किती, तवा कुठला, शेंगदाण्याची चटणी कुणी करायची. बबिता रजा टाकून घरी होती. तिने सगळ्याला हो म्हटलं, इतकं शांतपणे, की धम्मानंदला घाम फुटला. मग कमलबाई पदर सावरत, अगदी मायेने म्हणाल्या, "तुमी तुमची ताटं-तांबे घेऊन या बरं का. तिथली भांडी पुरायची न्हाईत."

बबिताने विचारलं, तुमची ताटं आणताय का?

कमलबाई म्हणाल्या, आमी तिथलीच घेऊ की.

"म्हणजे रजिस्टरात बहीण, अन् ताट वेगळं," बबिता म्हणाली. "हे मालकाला सांगितलंय का, भाऊजी? बहिणी-बहिणी एका ताटवाटीत जेवत न्हाईत म्हणून त्यालाच शंका यायची."

बजरंगचा चेहरा उतरला. शब्दाचा अर्थ असा ओढू नका, वहिनी, आईचं वय झालंय, असं तो म्हणू लागला. तेवढ्यात सरजाबाई बाहेर आल्या. हातात स्वेटर होता, घडी घातलेला. त्या कमलबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"बजरंगा," त्या म्हणाल्या, "कमलबाईची बहीण व्हायला मला महाबळेश्वराला जावं लागतंय व्हय? ही भिंत कमरेएवढी हाय. इथंच कर की मला बहीण. आज काय वार हाय, कमलबाई? उपास हाय का?"

कमलबाई पदराशी चाळा करत राहिल्या. बुधवार होता.

सरजाबाईंनी सुनेला फोन लावायला सांगितलं. बंगल्याच्या मालकाचा नंबर बजरंगने ग्रुपवर टाकलेला होताच. बजरंग हात पुढे करून म्हणाला, मावशी, कशाला, ठरलेलं बिघडंल. त्याने मावशी म्हटलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. बबिताने स्पीकर लावून फोन सासूच्या हातात दिला.

"मी सरजाबाई दत्तराव खंदारे बोलते," त्या म्हणाल्या. "परभणीच्या ढग्यांसंगं येणार हाव आमी. ढगे म्हणले आमी एका घरातले. ते चुकून म्हणले. आमी शेजारचे. आमी बौद्ध. तुमी विचारलं होतं ना, माणसं कोणती; म्हणून सांगायलाय."

मग मालक अतिशय नम्रपणे बोलला. तो असलं काही मानत नाही. उलट त्याचे कितीतरी मित्र आहेत. पण नेमकं आजच कळलंय की त्या तारखांना बंगल्याच्या पाइपलाइनचं काम निघालंय, पाणी नसेल, वयस्कर माणसांचे हाल होतील. पुन्हा केव्हातरी नक्की या.

"आता फुटली का पाइपलाइन?" सरजाबाईंनी विचारलं.

मालकाने फोन ठेवला.

बजरंग उठला. आता त्याला राग आला होता, आणि खरोखरचा आला होता, कारण त्याच्या हिशेबात त्याने देणं दिलं होतं आणि घेणाऱ्यांनी ते तोंडावर फेकलं होतं. झालं का समाधान, त्याने विचारलं. मी माझी इज्जत लावून तुम्हाला आत घ्यायला निघालो होतो. मग गाडी काढली, खालची खोली काढली, आणि शेवटी दत्तरावांचं नांदेडही काढलं.

तेव्हा धम्मानंद पहिल्यांदा बोलला. "नांदेडची गाडी आजपर्यंत मी रोज फेडत होतो, बजरंग. कालपण फेडली." त्याने खिशातला फोन काढून समोर ठेवला. बजरंगला काही कळलं नाही. बबिताला कळलं, पण तिने लगेच माफ केलं नाही.

दुपारी बजरंगला मालकाचा निरोप आला, की तुमच्या घरच्यांपुरतं पाणी आहे, तुम्ही अवश्य या. हे खंदाऱ्यांना कळलं ते बजरंगची बायको वैष्णवीमुळे. तिने भिंतीवरून बबिताला सगळं सांगितलं, आपण असं जाऊ नये असं नवऱ्याला म्हटल्याचंही सांगितलं, आणि मग बॅगा भरायला गेली. बुकिंग वाया कशाला घालवायचं, असं बजरंगचं म्हणणं होतं.

शनिवारी पहाटे त्यांची गाडी निघाली. सरजाबाई अंगणात सडा टाकत होत्या आणि मोठ्या आवाजात वंदना म्हणत होत्या, रोजच्यापेक्षा जरा जास्तच मोठ्या. कमलबाई मागच्या सीटवर होत्या. त्यांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी 'महाबळेश्वर चलो' ग्रुपवर धुक्याचे फोटो आले. दरीपुढे बजरंग, दरीपुढे कमलबाई, आणि खालच्या खोलीची खिडकी. खाली लिहिलं होतं, मिस यू ऑल. बबिताने फोटो सासूला दाखवला. सरजाबाईंनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, नळाला पाणी दिसतंय का बघ. बबिता हसली नाही. ती चिखलदऱ्याची घरं बघत होती आणि फोन लावला की नावाआधी एकच सांगत होती, आमी बौद्ध आहोत, चालतं का ते आत्ताच सांगा. दर वेळी हे विचारावं लागतं ह्याने तिच्या जबड्याची शीर तटतटत होती. दोघांकडे चालत नव्हतं, पण दोघांनीही कारण पाण्याचंच दिलं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, चालायचा काय प्रश्न, ताई, या. बबिताचा तिच्यावरही विश्वास बसायला वेळ लागला. स्वेटर खुंटीवर होता, तो ट्रंकेत गेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी सकाळी बजरंगने नेहमीसारखी गाडी दारात आणून हॉर्न दिला. मधल्या दिवसांत दोन्ही घरं बोलत नव्हती, पण बजरंगच्या हिशेबात एवढ्यातेवढ्याने खातं बंद होत नसतं. त्याने पुन्हा हॉर्न दिला. मग फोन लावला.

घरात भीमगीत वाजू लागलं. ढोलकी, हार्मोनियम, सगळं. आवाज पूर्ण वर केलेला होता, तो खिडकीतून गल्लीत आला. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. बजरंग कानाला फोन लावून स्टिअरिंगवर बसलेला, आणि त्याने लावलेल्या फोनचं गाणं त्यालाच ऐकावं लागत होतं.

धम्मानंद डबा घेऊन दारात आला. त्याच्या खांद्याला एसटीने जायची पिशवी होती. त्याने खिशाकडे हात नेला.

"वाजू दे," सरजाबाई मागून म्हणाल्या.

त्याने हात खाली घेतला. फाटक लावून घेतलं, आणि गाडीच्या खिडकीजवळून, वाजत वाजत, स्टँडकडे चालू लागला.